इटलीतले मधले फुटबॉल क्लब आपले चांगले खेळाडू का विकतात? पैशाचं गणित सोप्या भाषेत

2025 च्या उन्हाळ्यात रोमच्या लाझिओ क्लबमध्ये मौरिझिओ सारी कोच म्हणून परत आला, फॅन्स खूश झाले, आणि त्याच सुमारास बातमी आली की या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या मुदतीत, लाझिओला एकही नवा खेळाडू विकत घेता येणार नाही. मॅच फिक्सिंग नाही, कुठला घोटाळा पकडलेला नाही. क्लबच्या हिशोबातले तीन आकडे इटलीच्या फुटबॉल फेडरेशनच्या मर्यादेत बसले नाहीत, एवढंच कारण. कोचला आहे त्याच टीमवर सीझन सुरू करायला लागला.

तेव्हापासून बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की हे आकडे नेमके कुठले, आणि इटलीतले बरे-बरे क्लब दर वर्षी आपला सगळ्यात भारी खेळाडू विकून मोकळे का होतात. मालक कंजूष आहे, त्याला जिंकायचंच नाही, असं पटकन बोललं जातं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच सांगायचा प्रयत्न करतो.

मधला क्लब म्हणजे कुठला

सेरी ए, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची लीग, त्यात 20 टीम. वर युव्हेंटस, इंटर, मिलान, त्यांना जगभर फॅन्स. मग नापोली आणि रोमा, त्यांचं पण बऱ्यापैकी चालतं. तळाला दर वर्षी वर-खाली करणारे छोटे क्लब. या दोघांच्या मध्ये जे आहेत ते म्हणजे बोलोन्या, फिओरेंटिना, तोरिनो, उदिनेसे, जेनोआ, सासुओलो वगैरे, आणि वरच्या काठावर लाझिओ आणि अटलांटा. यांना मोठा इतिहास आहे, शहर मागे उभं आहे, पण युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेचे, चॅम्पियन्स लीगचे, पैसे दर वर्षी येतीलच याची खात्री नाही. या लेखात मधले म्हणजे हे.

पैसा येतो कुठून

टीव्हीचे पैसे, स्टेडियमचे पैसे आणि स्पॉन्सर, कुठल्याही क्लबचे हेच तीन मुख्य रस्ते.

आधी टीव्ही. सेरी ए चे इटलीतले हक्क 2024 ते 2029 साठी डॅझन आणि स्काय या प्रसारण कंपन्यांना वर्षाला साधारण 90 कोटी युरोला गेलेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2025-26 पासूनच्या 4 वर्षांसाठी नुसते देशांतर्गत हक्क 670 कोटी पौंडांना विकले, म्हणजे वर्षाचा हिशोब काढला तर इटलीच्या दुपटीहून जास्त, आणि परदेशातल्या हक्कांचे त्यांना मिळतात ते वेगळेच, तिथे तर इटली जवळपास पण पोहोचत नाही. त्यामुळे काय होतं बघा, मे 2025 मध्ये बोलोन्याने मिलानला 1-0 हरवून कोप्पा इतालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला, 1974 नंतरची त्यांची पहिली मोठी ट्रॉफी, गोल डान एन्डोयेचा. आणि पुढच्या काही आठवड्यांत एन्डोये नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला गेला. फॉरेस्ट काही इंग्लंडमधला सगळ्यात मोठा क्लब नाही. पण त्याची पैशाची ताकद इटलीच्या कप विजेत्यापेक्षा जास्त आहे.

मग लोक म्हणतात की इटलीने टीव्हीचे पैसे सगळ्यांना समान वाटावेत. वाटप बऱ्यापैकी समान आहेच. 50 टक्के सगळ्यांना सारखे, 30 टक्के मैदानावरच्या रिझल्टवर आणि 20 टक्के प्रेक्षकसंख्येवर. मूळ रक्कमच कमी आहे, तर वाटप बदलून मधल्या क्लबला थोडंफार जास्त मिळेल, पण इंग्लंडशी बरोबरी होणार नाही.

स्टेडियमबद्दल पुढे सविस्तर बोलतो. स्पॉन्सरच्या बाबतीत एक धक्का 2018 च्या कायद्याने दिला, ज्यात बेटिंग कंपन्यांच्या जाहिराती आणि स्पॉन्सरशिप इटलीत बंद झाल्या. समाजासाठी तो निर्णय योग्य होता असं माझं मत आहे, पण मधल्या क्लबच्या शर्टावर यायला तयार असलेला एक मोठा ग्राहक त्यामुळे गेला हे पण खरं.

उरलेला रस्ता म्हणजे खेळाडू विकणं

इथे एक इटालियन शब्द लागेल, प्लसव्हॅलेन्झा. खेळाडू विकताना जो नफा वहीत दिसतो तो. पण हा नफा म्हणजे विक्रीतून खरेदी वजा केली असं सरळ नसतं.

समजा क्लबने एक खेळाडू 2 कोटी युरोला घेतला आणि 5 वर्षांचा करार केला. वहीत हे 2 कोटी एकदम खर्च म्हणून पडत नाहीत, 5 वर्षांत वाटले जातात, वर्षाला 40 लाख. 2 वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते 1 कोटी 20 लाख. तेव्हा तो 3 कोटींना गेला तर नफा 1 कोटी 80 लाख, आणि हा नफा त्याच वर्षी एकदम दाखवता येतो. म्हणजे खरेदीचा खर्च हळूहळू आणि विक्रीचा नफा एका झटक्यात. तोटा झाकायला यापेक्षा सोपा उपाय क्लबकडे नाही.

आता जो मुलगा क्लबच्या स्वतःच्या अकॅडमीत मोठा झाला त्याची वहीतली किंमत जवळपास शून्य असते, त्यामुळे त्याला विकलं की सगळीच रक्कम नफा. म्हणून अटलांटाने 2017 मध्ये आपल्याच अकॅडमीतला अलेस्सांद्रो बास्तोनी इंटरला दिला तेव्हा तो सौदा हिशोबात सगळ्यात गोड होता. फॅनच्या बाजूने बघितलं तर याच्याइतकं जिवाला लागणारं काही नाही, कारण ज्याच्या नावाचा शर्ट गावातली पोरं घालतात, जो त्यांच्याच शाळेत शिकला, नेमका तोच विकायला सगळ्यात फायदेशीर ठरतो.

थांबून चालत नाही, कारण कराराची वर्षं संपत जातात. फ्लोरेन्सच्या फिओरेंटिना क्लबचा दुशान व्लाहोविच हे त्याचं उदाहरण. क्लबने त्याला इतिहासातला सगळ्यात मोठा पगार देऊ केला, त्याने नवीन करार केला नाही, जुना 2023 ला संपणार होता. मग जानेवारी 2022 मध्ये तो युव्हेंटसला, म्हणजे फ्लोरेन्सच्या लोकांना सगळ्यात जास्त राग असलेल्या क्लबला, सुमारे 7 कोटी युरोला विकला. लोक भयंकर चिडले, पण न विकता ठेवला असता तर दीड वर्षाने तो फुकट गेला असता. मिलानने आपला गोलकीपर डोन्नारुम्माला 2021 मध्ये असंच फुकट जाऊ दिलं, मिलानला ते झेपलं. मधल्या क्लबला असं एकदा झालं तरी दोन-तीन वर्षांचं बजेट कोलमडतं.

आणि या नफ्याच्या सवयीतून गैरप्रकार पण झालेत. खेळाडूची बाजारात छापील किंमत नसते, त्यामुळे दोन क्लबनी एकमेकांना किरकोळ खेळाडू फुगवलेल्या किमतीत दिले तर दोघांच्याही वहीत नफा दिसतो, पैसा मात्र कुणाकडेच आलेला नसतो. किएवो आणि चेसेना यांच्यात अशीच देवाणघेवाण झाली होती, 2018 मध्ये किएवोचे 3 पॉइंट कापले गेले. वेरोनाच्या एका उपनगराचा हा क्लब 2001-02 मध्ये सेरी ए त पहिल्यांदा आला आणि पाचवा आला, सगळ्या इटलीचा लाडका झाला होता. 2021 मध्ये थकलेल्या करामुळे तो लीगमधूनच बाहेर गेला. मोठे क्लब पण यात सापडले, 2022-23 मध्ये युव्हेंटसचे शेवटी 10 पॉइंट गेले, पण युव्हेंटस पुढच्या वर्षी पुन्हा उभा होता.

लाझिओचे ते तीन आकडे

पहिला आकडा हातातल्या पैशाचा. येत्या वर्षभरात क्लबला जे येणं आहे आणि जे देणं आहे त्याचं प्रमाण. वर सांगितलेला नफा वहीत एकदम दिसतो, पण समोरचा क्लब पैसे हप्त्याने देतो, तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे कागदावर फायद्यात असलेला क्लब पण इथे अडकू शकतो. दुसरा आकडा, एकूण कर्ज उत्पन्नाच्या मानाने किती. तिसऱ्याला इटलीत म्हणतात वाढीव कामगार खर्च, म्हणजे पगार अधिक खेळाडूंच्या खरेदीचा तो वर्षाला पडणारा हप्ता, आणि हे सगळं मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत पाहिजे. युरोपात खेळणाऱ्या क्लबसाठी युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, पण असाच नियम आहे, तिथे मर्यादा टप्प्याटप्प्याने 90 वरून 80 आणि आता 70 टक्के.

आता लाझिओचं काय झालं ते बघा. 2023-24 मध्ये ते चॅम्पियन्स लीगमध्ये होते, पैसे आले. पुढच्या वर्षी तिच्या खालची युरोपा लीग, तिथे पैसे बरेच कमी. 2024-25 च्या शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर लेचेकडून 0-1 हरले आणि युरोपातून पूर्ण बाहेर पडले. उत्पन्न दर वर्षी खाली येतंय, पण पगाराचे करार चार-चार वर्षांचे, ते काही कमी होत नाहीत. खर्च न वाढवताही टक्केवारी वाढते. मधल्या क्लबची खरी अडचण ही आहे, उत्पन्न एका मॅचवर हलतं आणि खर्च हलत नाही.

लाझिओच्या डोक्यावर जुनं ओझं पण आहे. क्लाउदिओ लोतितो यांनी 2004 मध्ये क्लब घेतला तेव्हा तो बुडायच्या बेतात होता, आणि 2005 मध्ये सरकारशी करार होऊन सुमारे 14 कोटी युरोचा थकलेला कर 23 वर्षांत फेडायचं ठरलं. आधीच्या मालकाच्या काळातल्या ट्रॉफ्यांचं बिल अजून फिटतंय.

एवढे कडक नियम हवेत कशाला

कारण क्लब खरोखर मेलेत. फिओरेंटिना 2002 मध्ये दिवाळखोर होऊन वेगळ्या नावाने चौथ्या पातळीवरून सुरू झाला, नापोली 2004 मध्ये बुडाला, तोरिनो 2005 मध्ये.

पार्माचं तर ऐकून वाईट वाटतं. 2014 मध्ये ते सहावे आले, युरोपा लीगचं तिकीट मिळालं, आणि सुमारे 3 लाख युरोचा कर वेळेत भरला नाही म्हणून युरोपात खेळायचं लायसन्स नाकारलं, त्यांची जागा तोरिनोला गेली. लोकांना वाटलं कारकुनी चूक असेल. पुढच्या काही महिन्यांत खरं चित्र बाहेर आलं. खेळाडूंना महिनोन्महिने पगार नाही, क्लब 1 युरोला हातोहात विकला जातोय, फेब्रुवारी 2015 मध्ये तर मैदानावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना द्यायला पैसे नाहीत म्हणून घरची मॅच पुढे ढकलली. त्या उन्हाळ्यात क्लब बुडाला. मग हौशी पातळीवरून, सेरी डी मधून, सलग तीन वेळा वर चढत 2018 मध्ये सेरी ए त परत आला. सगळ्यांना असं परत येता येत नाही.

ब्रेशिया ताजं उदाहरण आहे. 1911 चा क्लब, रॉबेर्तो बाज्जो, पिर्लो, गुआर्दिओला तिथे खेळून गेले. क्लबने कर भरायला बाहेरून विकत घेतलेली कर-सवलतीची क्रेडिट्स वापरली, ती अस्तित्वातच नाहीत असं निघालं, 2025 मध्ये 4 पॉइंट कापले, टीम सेरी बी, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमधून, खाली गेली आणि नंतर पुढच्या सीझनची नोंदणीच झाली नाही. शहरात आता शेजारच्या क्लबपासून बनवलेली नवी टीम खेळते.

हिशोब तपासायचं काम पूर्वी फेडरेशनचीच समिती करायची. 2024 च्या कायद्याने ते एका स्वतंत्र सरकारी आयोगाकडे दिलंय. क्लबवाल्यांनी तेव्हा बराच विरोध केला. मला तरी वाटतं की क्लबच्या मतांवर निवडून येणाऱ्या फेडरेशनने क्लबचेच हिशोब तपासावेत यापेक्षा हे बरं आहे.

नियमात एक दोष मात्र आहे. नियम सांगतो उत्पन्नाच्या इतके टक्के खर्च करा, म्हणजे ज्याचं उत्पन्न आधीच मोठं त्याला मोठा खर्च करायची मोकळीक, आणि लहानाने लहानच राहायचं. मरण टळतं, पण वर जायचा रस्ता अरुंद होतो.

मालक श्रीमंत आहे ना, मग घाल की पैसे

हा प्रश्न फिओरेंटिनाच्या बाबतीत सारखा निघायचा, कारण 2019 मध्ये क्लब घेणारे रोक्को कॉमिस्सो अमेरिकेतले केबल टीव्हीचे अब्जाधीश. कोमोचे मालक तर इंडोनेशियाचे हार्तोनो कुटुंब, इटलीतल्या सगळ्या क्लबमालकांपेक्षा श्रीमंत.

मालकाने भांडवल घातलं तर हातातल्या पैशाचा आकडा सुधारतो, हे नियमात बसतं. कोमो 2024 मध्ये सेरी ए त वर आला आणि त्याने उत्पन्नाच्या कितीतरी पट खर्च केला तो याच जोरावर. पण मालकाने घातलेलं भांडवल उत्पन्न म्हणून मोजत नाहीत, त्यामुळे युरोपात खेळायला लागलं की ती 70 टक्क्यांची मर्यादा येतेच, आणि युएफा मालकाच्या पैशाने भरून काढायचा तोटा पण तीन वर्षांत साधारण 6 कोटी युरोपर्यंतच चालवून घेतं, हिशोब चोख असलेल्या क्लबला थोडा जास्त. कॉमिस्सो यांनी म्हणून पैसा घातला तो विओला पार्क नावाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, जे 2023 मध्ये सुरू झालं, कारण अकॅडमी आणि बांधकामावरचा खर्च या मर्यादेतून वगळला जातो. फॅन म्हणतात विटा-सिमेंटऐवजी स्ट्रायकर घ्यायचा. पण स्ट्रायकरवर घातलेला पैसा मर्यादेत मोजला जातो आणि विटांवरचा जात नाही.

आणि एक मदत होती ती पण गेली. 2019 च्या कायद्यामुळे परदेशातून येणाऱ्या खेळाडूच्या पगारावरचा कर निम्म्या रकमेवरच लागायचा. इटलीत पगाराची बोलणी हातात पडणाऱ्या रकमेवर होतात, कर क्लब सोसतो, त्यामुळे ही सवलत म्हणजे थेट क्लबचीच बचत होती. 2024 पासूनच्या नव्या करारांना ती बंद झाली, आणि त्याच पगाराचा खेळाडू क्लबला एकदम महाग पडायला लागला.

मग स्वतःचं स्टेडियम बांधा

हे सगळ्यात योग्य उत्तर आहे आणि इटलीत सगळ्यात अवघड. बहुतेक स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीची. महापालिकेच्या मंडईत भाड्याचा गाळा असलेल्या दुकानदाराचा विचार करा, धंदा कितीही चांगला चालला तरी भिंत पाडून दुकान मोठं करता येत नाही, वर मजला चढवता येत नाही, छप्पर गळलं तर पालिकेकडे अर्ज करून वाट बघायची, आणि जागेवर कर्ज तर मिळतच नाही कारण जागा त्याची नाही. इटालियन क्लब तसाच भाडेकरू आहे. महागडे बॉक्स, म्युझियम, रेस्टॉरंट, मॅच नसलेल्या दिवसाची कमाई, यातलं फारसं काही त्याच्या हातात नाही.

फ्लोरेन्सचं फ्रांकी स्टेडियम 1931 चं, पिएर लुइजी नेर्वी या मोठ्या इंजिनिअरने बांधलेलं, त्याचे गोल फिरणारे काँक्रीटचे जिने आर्किटेक्चरच्या पुस्तकांत असतात. कॉमिस्सो यांना ते बरंचसं पाडून नवीन बांधायचं होतं, सांस्कृतिक खात्याने 2021 मध्ये सांगितलं की हा वारसा आहे, पाडता येणार नाही. मग पालिकेनेच सरकारी पैशातून दुरुस्ती काढली, म्हणजे काम होईल पण मालकी पालिकेचीच. दोन्ही बाजूंना बरोबर वाटावं असं काहीतरी त्यात आहे. ते जिने पाडले असते तर मलाही वाईटच वाटलं असतं. पण त्याची किंमत क्लब दर सीझनला मोजतो.

ज्यांना जागा मिळाली त्यांच्यात फरक दिसतो. उदिनेसेने 2013 मध्ये 99 वर्षांच्या हक्काने स्टेडियम घेतलं आणि नव्याने बांधलं. अटलांटाने 2017 मध्ये बेर्गामोच्या पालिकेकडून स्टेडियम विकतच घेतलं आणि एकेक स्टँड पाडून 2024 पर्यंत पूर्ण केलं. दोन्हीकडे साधारण 25 हजार प्रेक्षक मावतात, म्हणजे भरलेलं दिसेल एवढंच बांधलं.

अटलांटाला जमलं, बाकीच्यांना का नाही

अटलांटाने 22 मे 2024 ला डब्लिनमध्ये लेव्हरकुसेनला 3-0 हरवून युरोपा लीग जिंकली, लुकमनचे तीन गोल. मग प्रत्येक शहरात एकच वाक्य, त्यांच्यासारखं करा.

पण त्यांनी केलं काय? विकणं थांबवलं नाही, उलट सगळ्यात जास्त तेच विकतात. 2016-17 मध्ये कोच गास्पेरिनीच्या पहिल्याच सीझनला चौथे आले, आणि वर्षभरात गाल्यार्दिनी, केस्सिए, कोंती, बास्तोनी सगळे गेले. रासमुस होयलुंड ऑगस्ट 2022 ला ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्राझकडून आला आणि एका वर्षाने सुमारे 6.4 कोटी पौंड अधिक बोनस घेऊन मँचेस्टर युनायटेडला गेला. फरक इतकाच की विकायच्या आधीच त्याच्या जागी कोण येणार हे ठरलेलं असतं, आणि आलेल्या पैशाचा एक भाग स्टेडियम आणि अकॅडमीत जातो.

यामागे माणसं असतात. क्लबसाठी खेळाडू निवडणारे जोव्हान्नी सार्तोरी हे नाव बघा, किएवोची चढती वर्षं त्यांचीच, मग 2014 ते 2022 अटलांटा, आणि 2022 पासून बोलोन्या. बोलोन्याने 2023 मध्ये बासेलकडून सुमारे 40 लाखांना घेतलेला कालाफिओरी वर्षभरात आर्सेनलला साधारण साडेचार कोटींना गेला, जरी त्यातला मोठा वाटा करारानुसार बासेललाच द्यायला लागला. त्याच उन्हाळ्यात झिर्कझे गेला, कोच थिआगो मोत्ता गेला, आणि तरीही पुढच्या मे मध्ये कप आला. ही नजर असलेली माणसं इटलीत मोजकी आहेत.

आणि ही युक्ती कायम चालत नाही. उदिनेसेचे मालक पोझ्झो हेच आधी करायचे, अलेक्सिस सांचेझला चिलीतून आणलं आणि 2011 मध्ये बार्सिलोनाला विकलं, 2011 आणि 2012 ला चॅम्पियन्स लीगच्या दारापर्यंत गेले. 2013 नंतर मात्र पुढची बरीच वर्षं बाराव्या नंबरच्या वर आले नाहीत. कारण आता चिलीतला मुलगा इंग्लंडच्या क्लबला पण त्याच दिवशी व्हिडिओवर दिसतो, आणि त्यांच्याकडे पैसे जास्त आहेत.

चुकलं तर खाली काय आहे ते पण बघा. सेरी बी त गेलेल्या क्लबला मदत म्हणून 1, 1.5 किंवा 2.5 कोटी युरो मिळतात, तो सेरी ए त किती वर्षं होता त्यावर. सेरी ए च्या तळाच्या टीमलाही नुसत्या टीव्हीतून साधारण 3 कोटी मिळतात. साम्पदोरिया, 1991 चा चॅम्पियन, 2023 मध्ये खाली गेला आणि 2025 मध्ये तिसऱ्या पातळीवर जाता जाता वाचला, तो पण ब्रेशियाचे पॉइंट कापले गेले म्हणून मिळालेल्या प्ले-आउटमध्ये, म्हणजे खाली जाणं टाळायच्या जादा मॅचमध्ये.

पुढे काय बघायचं

2032 ची युरो स्पर्धा इटली आणि तुर्कस्तान मिळून भरवणार आहेत, इटलीला ऑक्टोबर 2026 पर्यंत 5 स्टेडियम ठरवायची आहेत. यादीत असलेल्या 10 शहरांमध्ये मिलान, तोरिनो, रोम, नेपल्सबरोबर बोलोन्या, फ्लोरेन्स, जेनोआ, वेरोना आणि कालियारी पण आहेत, म्हणजे मधल्या क्लबांची शहरं. ज्यांचा नंबर लागेल त्यांना परवानग्या आणि निधी लवकर मिळतील असं धरायला हरकत नाही. तुमचा क्लब यातला असेल तर जानेवारीत कुठला स्ट्रायकर येतोय यापेक्षा पालिकेच्या बैठकीत जमिनीचा हक्क कुणाच्या नावावर आणि किती वर्षांसाठी होतोय ती बातमी आधी वाचा. 99 वर्षांचा हक्क मिळाला तर क्लब त्यावर कर्ज काढू शकतो. वर्ष-दोन वर्षांचा भाडेकरार नुसता वाढवून मिळाला, तर पुढच्या उन्हाळ्यातही कुणाला तरी विकायलाच लागेल.